दुष्काळ सरला, अधिभार उरला

२०१५ साली महाराष्ट्रात दुष्काळ पडला आणि त्याच ऑक्टोबरात राज्य सरकारने पेट्रोल-डिझेल लिटरमागे दोन रुपयांनी महाग केले. दारू, सिगारेट आणि सोन्यावरचा करही जरासा चढवला. पैसा दुष्काळग्रस्तांसाठी हवा होता, त्यामुळे कुणी फारशी कुरकुर केली नाही. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा तर पंपावर टाकी भरणाऱ्या स्कूटरवाल्याला त्या पाण्याच्या गाडीला आपणही थोडा हात लावला असे वाटले असेल. मग २०१६चा पाऊस चांगला झाला आणि दुष्काळ सरला. अधिभाराला मात्र तसे कुणी कळवले नसावे, कारण तो होता तिथेच राहिला. एवढेच नव्हे, तर एप्रिल २०१७मध्ये पेट्रोलवरचा अधिभार आणखी तीन रुपयांनी वाढला. या वेळी पावसाबद्दल काही तक्रार नव्हती. महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारू विकू नये असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला होता, रस्त्याकडेच्या बारची शटरे खाली आली होती, आणि त्यामुळे महसुलात पडलेला खड्डा कुठून तरी बुजवायचा होता. थोडक्यात, पाणी कमी पडले म्हणून दोन रुपये आणि दारू कमी पडली म्हणून तीन. महाराष्ट्रात काहीही कोरडे पडले की पेट्रोल महागते, असा नियम यातून काढायला हरकत नाही.

यात एखाद्या सरकारला वेगळे काढून झोडपण्यात अर्थ नाही. २०२२मध्ये राज्याने पेट्रोलवरचा कर पाच रुपयांनी उतरवलाही होता, हेही सांगायला हवे. मुद्दा पक्षाचा नाहीच, कराच्या स्वभावाचा आहे. कर जन्माला येतो तेव्हा एक कारण त्याचे बोट धरून उभे असते: दुष्काळ, युद्ध, शाळा, निर्वासित, स्वच्छता. कारण गोड चेहऱ्याचे असल्यामुळे आपण दार उघडतो. पुढे कारण वारते, पण घरात शिरलेला कर जात नाही, तो दुसऱ्या कारणाला दत्तक जातो. वहीतली नोंद मात्र एकच असते, मागील पानावरून पुढे चालू. सरकार कर का घेते, या प्रश्नाचे खरे उत्तर शोधायचे तर सरकार कर घेताना काय सांगते एवढे पाहून भागत नाही. सांगितलेले कारण संपल्यावर त्या कराचे काय झाले, तेही पाहावे लागते.

पाठ्यपुस्तकातले उत्तर सोपे आहे आणि ते खोटेही नाही. काही गोष्टी सुट्या विकता येत नाहीत. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड फक्त करदात्यांच्याच डोळ्यांत पडेल अशी सोय अजून निघालेली नाही. देवीचा रोग देशातून गेला तो लस न टोचून घेणाऱ्यांच्याही देशातून गेला. न्यायालय, सीमेवरचा जवान, पुराचा इशारा देणारे हवामान खाते यांचे तिकीट लावता येत नाही, म्हणून वर्गणी सक्तीची करावी लागते. गणेशोत्सवाची वर्गणी न देणाऱ्याला आरती ऐकू येतेच, हे प्रत्येक मंडळाच्या कार्यकर्त्याला ठाऊक असते. इथवर कुणाचेच दुमत नाही. भांडण पुढे सुरू होते, वर्गणी सजावटीसाठी मागितली आणि विसर्जनाच्या ढोल-ताशावर उधळली तेव्हा.

जुन्या अमदानीत कराच्या नावात लपवाछपवी नसे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत म्हैसपट्टी आहे, लग्नटका आहे, विधवेच्या पाटावरचा पाटदाम आहे. रयतेला नावावरूनच कळे की आपण कशापायी सापडलो. म्हैस पाळली, लग्न केले, पाट लावला. गुन्हा उघड होता. पैसा कशासाठी हवा हे सांगण्याची पद्धत नव्हती. म्हैसपट्टीचा पैसा म्हशींच्या कल्याणासाठी खर्च व्हावा, अशी अपेक्षा खुद्द म्हशीनेही केली नसेल. राजाला हवा आहे, हेच कारण, आणि ते कधी संपत नसल्यामुळे कर कारणापेक्षा जास्त जगला असा ठपकाही येत नसे.

कारण सांगून कर घेण्याची रीत आपल्याकडे ठळकपणे आणली ती इंग्रजांनी, आणि पहिल्याच फटक्यात कमाल केली. १८५७चा उठाव मोडताना कंपनीची तिजोरी रिकामी झाली होती. ती भरायला जेम्स विल्सन नावाचे गृहस्थ विलायतेहून आले. लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाचे हे संस्थापक. जुलै १८६०मध्ये त्यांनी हिंदुस्थानात प्राप्तिकर लावला. ज्यांना झोडपले त्यांच्याकडूनच काठीचे पैसे वसूल करण्याची ही कल्पना तशी काटकसरीची होती. कायदा पाच वर्षांपुरताच होता. विल्सन ऑगस्टमध्येच कलकत्त्यात वारले आणि कायद्याची मुदत १८६५मध्ये संपली. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण १८६७मध्ये परवाना कर आला, १८६९मध्ये प्राप्तिकर पुन्हा उठून बसला, १८७३मध्ये परत झोपला आणि १८८६मध्ये असा काही उठला की त्यानंतर त्याने पाठ टेकलेली नाही. आता २४ जुलै हा दिवस प्राप्तिकर दिन म्हणून साजरा होतो. तात्पुरत्या गोष्टीचा वाढदिवस साजरा होऊ लागला की ती कायम झाली असे समजावे.

याहून बोलके प्रकरण १८७८चे आहे. १८७६ ते १८७८च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसे किड्यामुंगीसारखी मेली. मग लॉर्ड लिटनच्या सरकारने ठरवले की दरवर्षी दीड कोटी रुपये दुष्काळविम्यासाठी बाजूला काढायचे, आणि त्यासाठी व्यापाऱ्यांवर परवाना कर बसवला. हा पैसा याच कामाला लागेल, असे अर्थखाते सांभाळणाऱ्या जॉन स्ट्रॅची यांनी गंभीरपणे आश्वासन दिले. सुरतेत या करावरून दंगल झाली. दुष्काळातल्या माणसाचे भले सुरतेच्या व्यापाऱ्याने का करावे, हा वाद तेव्हाही होताच. त्याच वर्षाच्या अखेरीस अफगाणिस्तानशी युद्ध पेटले आणि सरकारला पैशाची चणचण भासू लागली. दुष्काळविम्याची रक्कम स्थगित झाली, कर चालू राहिला. भुकेल्यांसाठी गोळा केलेला पैसा असा काबूलच्या वाटेने गेला. इतके कायदेशीर आणि इतके निर्लज्ज उदाहरण नंतरच्या सरकारांनाही सहसा जमलेले नाही.

दारूच्या नावाने लावलेल्या कराची गोष्ट मद्रासेत घडली आणि ती आपल्या पेट्रोलच्या तीन रुपयांची थोरली बहीण शोभते. राजाजींनी १९३७मध्ये सेलम जिल्ह्यात दारूबंदी केली. अबकारी उत्पन्न बुडाले, म्हणून १९३९मध्ये मद्रास प्रांतात सर्वसाधारण विक्रीकर आणला. न पिणाऱ्याने मीठ-मिरची, कापड घेताना थोडे जास्त मोजायचे आणि त्या बदल्यात पिणाऱ्याची बायको-पोरे सुखी व्हायची, असा हा व्यवहार. तत्त्व उत्तम होते. पुढे १९७१मध्ये तमिळनाडूत दारू खुली झाली. तत्त्व बाटलीत बुडाल्यावर विक्रीकरानेही राजीनामा द्यायला हवा होता, पण तो घराघरांत रुळला होता. आता तर तिथे किरकोळ दारूविक्री सरकारी महामंडळच करते आणि त्या विक्रीवर करही घेते. दारू बंद झाली म्हणून आलेला कर दारूच्याच बाटलीवर बसून राहिला, याला म्हणावे निष्ठा.

हा काही केवळ आपल्या मातीचा गुण नाही. जर्मनीत कैसरच्या आरमारासाठी १९०२मध्ये फसफसत्या वाइनवर कर लावला. ते आरमार केव्हाच समुद्राच्या तळाशी गेले, कैसरही गेला. कर मध्ये काही वर्षे गायब होऊन परत आला आणि जर्मन माणूस आजही बुचाच्या फाटकन आवाजासोबत तो भरतो. जगात सगळीकडे असे चालते म्हणून आपण गप्प बसावे असे नाही, पण आपलेच नशीब फुटके आहे असा समज असेल तर तेवढा दूर करून घ्यावा.

आता दिल्लीकडे वळू, कारण नावे ठेवण्याच्या बाबतीत दिल्लीचा हात कुणी धरणार नाही. केंद्राने २००४मध्ये प्राथमिक शिक्षणासाठी दोन टक्के उपकर लावला. कर भरायचा आणि त्या करावर पुन्हा दोन टक्के. २००७मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का आला. मूल मोठे होत गेले तसा उपकरही वरच्या वर्गात गेला. २०१८मध्ये त्यात आरोग्य मिसळून एकूण चार टक्के झाले. दरम्यान, माध्यमिक व उच्च शिक्षणाच्या नावाने २०१६-१७पर्यंत गोळा झालेल्या ८३,४९७ कोटी रुपयांचे काय झाले, असे कॅगने, म्हणजे महालेखापरीक्षकांनी विचारले. तेव्हा कळले की तो पैसा ठेवायचा स्वतंत्र निधीच तोवर उघडलेला नव्हता. दहा वर्षे भिशी गोळा केली आणि डबा आणायचा राहून गेला. संशोधनाच्या उपकराची गत त्याहून मजेशीर. वीस वर्षांत ७,८८५ कोटी रुपये आले आणि ज्या कामासाठी आले त्यावर ६०९ कोटी लागले. बाकीच्या पैशांचे कोणते संशोधन झाले, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

केंद्राला उपकर इतका का आवडतो, याचे कारण राज्यघटनेत आहे आणि ते कुठल्याही अर्थसंकल्पी भाषणात आळवून सांगत नाहीत. प्राप्तिकर किंवा कंपनीकर घेतला तर त्यातला वाटा राज्यांना द्यावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगाने तो ४१ टक्के ठरवला. कलम २७०नुसार उपकर आणि अधिभार मात्र या वाटणीतून वगळलेले आहेत. तेव्हा कर शंभर रुपयांनी वाढवला तर एक्केचाळीस मुंबई, चेन्नई, पाटणा वगैरेकडे जातात. शिक्षणाच्या पवित्र नावाने उपकर शंभर रुपयांनी वाढवला तर शंभरच्या शंभर दिल्लीत राहतात. शाळेतल्या मुलाचा चेहरा पाकिटावर छापण्यामागे हा हिशेबही असतो.

इथे एक जाणता वाचक हात वर करील आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. तो म्हणेल, पैशाला नाव नसते. सगळा महसूल शेवटी एकाच एकत्रित निधीत पडतो. शिक्षणाचा उपकर वेगळ्या डब्यात ठेवला नाही म्हणून बिघडले कुठे? सरकारने शिक्षणावर त्याहून कितीतरी जास्त खर्च केलेलाच आहे. दुष्काळाचे दोन रुपये दुष्काळ संपल्यावर पुलांवर लागले असतील, तर पूलही काही वाईट नव्हेत. गरज बदलली की पैसा वळवता यायला हवा. उलट प्रत्येक करावर नाव घातले तर साप चावल्यावर सापपट्टी पुरेशी जमली आहे का, हे आधी तपासून मग इंजेक्शन द्यावे लागेल. हे सगळे पूर्ण खरे आहे. सरकारला हात मोकळा हवा, यावर वाद नाही. मग नाव तरी कशाला घालता, एवढेच विचारायचे आहे. हात मोकळा हवा असेल तर सरळ म्हणावे की पैसे कमी पडताहेत, द्या. ते म्हणवत नाही, कारण तसे म्हटले की लोक विचारतात, आधीच्यांचे काय केले? दुष्काळग्रस्ताचे नाव घेतले की हा प्रश्न विचारणारा माणूस पाषाणहृदयी ठरतो. नाव खर्चाला बांधून घेण्यासाठी घातलेले नसून होकार मिळवण्यासाठी घातलेले असते. होकार मिळवायला जे नाव चालते, ते हिशेब द्यायला का चालू नये?

दुसरा वाचक अधिक तापट असतो. तो म्हणतो, असे असेल तर मी कर का भरू? देश माझ्या प्राप्तिकरावर चालतो, आणि खर्च होतो तो लाडकी बहीण योजनेतल्या दरमहा दीड हजारावर. या वाचकाला २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पातला तो प्रसिद्ध गोल रुपया दाखवावा. त्यात येणाऱ्या रुपयातले २२ पैसे प्राप्तिकराचे आहेत. वस्तू-सेवा कराचे १८, कंपन्यांच्या कराचे १७, आणि २४ पैसे चक्क उसने. देश चालवणाऱ्यांच्या यादीत प्राप्तिकरदात्याच्या वरच्या ओळीवर सावकार बसला आहे. जाणाऱ्या रुपयातले २० पैसे जुन्या कर्जाच्या व्याजाला जातात आणि संरक्षणाला ८. तेव्हा ‘माझ्या पैशावर कोण मजा मारतो’ याचा शोध घ्यायचाच असेल तर पहिला संशयित बहीण नव्हे, व्याज आहे. शिवाय ती बहीण साबण घेते, मुलाला वही-पेन घेते, रिक्षाने जाते. या सगळ्यात कर आहे आणि तो ती विवरणपत्र न भरता, सनदी लेखापालाची फी न देता, निमूट भरते. डिसेंबर २०२४मध्ये वस्तू-सेवा कर परिषदेने खुलासा केला की सुटे खारे पॉपकॉर्न पाच टक्के, पाकीटबंद बारा आणि कॅरॅमलचे गोड पॉपकॉर्न अठरा. देशातल्या सगळ्या अर्थमंत्र्यांनी एकत्र बसून लाह्यांचा असा सूक्ष्म विचार करावा, याचा अर्थच असा की तोंडात काहीही टाकणारा प्रत्येक जण करदाता आहे. त्याच महिन्यात खोबरेल तेलाच्या छोट्या बाटलीतले तेल डोक्याला लावायचे की फोडणीला घालायचे, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. निकाल फोडणीच्या बाजूने गेला; भांडण मुळात होते, कारण केसांच्या तेलावर कर जास्त होता.

‘कर आम्ही भरतो’ या तक्रारीला महात्मा फुल्यांनी १८८२मध्येच उत्तर देऊन ठेवले आहे. हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी मांडले ते असे, की सरकारचा महसूल मुख्यत्वे रयतेच्या घामातून येतो, वरच्या वर्गाचा त्यातला हिस्सा थोडा, आणि शिक्षणावरचा पैसा मात्र त्या वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो. कर कुणाकडून, कशासाठी आणि प्रत्यक्षात कुणासाठी, हे तीन प्रश्न त्यांनी एकाच निवेदनात एकमेकांसमोर उभे केले. त्यानंतर अर्थसंकल्पावर टनावारी कागद खर्ची पडला, पण हे तीन प्रश्न एका रांगेत विचारायची सवय काही लागली नाही.

आता एक असा कर पाहू ज्याने नावाचा मान बऱ्यापैकी राखला, आणि तो आपल्याच पगारपत्रकात आहे. महाराष्ट्रात दरमहा दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाच्या आणि पंचवीस हजारांवर पगार असलेल्या बाईच्या पगारातून महिन्याला दोनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो. ‘पी. टी.’ अशी दोन अक्षरे आणि पुढे २००. फेब्रुवारीत तीनशे. वर्षातला सर्वांत आखूड महिना आणि कर सर्वांत लांब. कित्येकांना आयुष्यभर वाटते की कारकुनाने चूक केली. चूक नाही. घटनेच्या कलम २७६ने या करावर वर्षाला अडीच हजारांची मर्यादा घातली आहे, ती १९८८पासून तशीच आहे. अकरा महिने दोनशेप्रमाणे बावीसशे होतात. उरलेले तीनशे कुठल्या तरी महिन्याच्या गळ्यात घालायचे, ते आर्थिक वर्ष संपता संपता फेब्रुवारीच्या गळ्यात पडले. पंधरा हजारांचा शिपाई आणि वर्षाला कोटी मिळवणारा व्यवस्थापकीय संचालक, दोघे सारखेच अडीच हजार भरतात. महाराष्ट्रात पूर्ण समता नांदते ती या एका रकान्यात.

या कराचा कायदा १९७५चा. त्याच्या मागे १९७२चा दुष्काळ होता आणि विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची एक कल्पना होती: मागेल त्याला काम. रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर आणि इतर काही अधिभार घ्यायचे, तेवढीच भर राज्याने घालायची आणि त्यातून गावातल्या अंगमेहनतीच्या माणसाला काम द्यायचे. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. खडी फोडली गेली, पाझर तलाव झाले, नालाबंडिंग झाले, गावरस्ते झाले. १९९०पासून याच योजनेतून शेतात फळबागा लागल्या; आज बाजारात येणारी कित्येक डाळिंबे आणि सीताफळे त्या रोपांची वंशज असतील. योजनेत भानगडी झाल्या नाहीत असे कुणी म्हणणार नाही. हजेरीपटावर खोटी नावे चढली, कागदावरचे रस्ते कागदावरच राहिले. तरीही २००५मध्ये केंद्राने देशभरासाठी जो रोजगार हमी कायदा केला त्याचा नमुना महाराष्ट्राच्या योजनेवरून घेतलेला होता.

इथे नाव टिकले आणि दुष्काळविम्यात टिकले नाही, असे का? लिटनच्या काळात पैसा देणारा एकीकडे होता, सरकार मध्ये होते आणि दुसऱ्या टोकाला कुणीच नव्हते. उपाशी माणसाला निधीवर दावा सांगायची सोय नव्हती. शिक्षणाच्या उपकरातही तेच. चौथीतले पोर महालेखापरीक्षकांचा अहवाल घेऊन न्यायालयात जात नाही. रोजगार हमीत मात्र दुसऱ्या टोकाला कायद्याने हक्क दिलेला माणूस उभा होता. काम नाही मिळाले तर तो तहसील कचेरीवर मोर्चा घेऊन येई आणि तहसीलदाराला उत्तर द्यावे लागे. वसूल करणाऱ्याचा चांगुलपणा नव्हे, मागणाऱ्याचा दरारा या कराला रुळावर ठेवत होता. अर्थात इथेही स्वभाव जायचा नाही तो गेलाच नाही. २००६पासून केंद्राने शंभर दिवसांच्या मजुरीचा भार उचलला, म्हणजे राज्यावरचे ओझे हलके झाले. दोनशे रुपये मात्र दोनशेच राहिले.

कर मरतच नाहीत असेही नाही. बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा १५ नोव्हेंबर १९७१पासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले. घाईत नवी तिकिटे छापून होईनात, म्हणून कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच ‘शरणार्थी सहायता’ असा शिक्का उठवला. आटोपशीर कुटुंबाच्या चित्रावर लाखोंच्या लोंढ्याची मोहोर, असा तो विनोद पत्रापत्रावर फिरला. ३१ मार्च १९७३ला हे तिकीट बंद झाले. काम झाले, कर गेला. भारतीय करांच्या इतिहासात इतका सभ्य शेवट क्वचितच कुणाला लाभला असेल. जकातही मेली, पण तिचे श्राद्ध महागात पडले. वस्तू-सेवा कर आला तेव्हा मुंबईची जकात १ जुलै २०१७पासून बंद झाली, आणि तिच्याबदली महापालिकेला राज्याकडून मिळणारी भरपाई दरवर्षी आठ टक्के वाढवत न्यायची असे कायद्यात ठरले. जिवंतपणी जकातीला अशी हमखास बढती कधी मिळाली नव्हती. आणि मुंबईच्या पाच नाक्यांवरचा हलक्या वाहनांचा टोल १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्री गेला. विधानसभा निवडणूक जाहीर झाली १५ ऑक्टोबरला. टोल हा कर नव्हे असे तज्ज्ञ सांगतील; मध्यरात्री मरण्याची पद्धत तरी वेगळी दिसते.

या तिन्ही मरणांतले पहिले आपल्या उपयोगाचे आहे. विशेष कारणासाठी घेतलेल्या करावर कायद्यातच तारीख हवी. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर ते कधीपर्यंत खावे हे छापल्याशिवाय कंपनीला विकता येत नाही, आणि हजारो कोटींचा उपकर मात्र तारखेविना बाजारात येतो. यावर म्हणाल, तारीख घातली तरी सरकार ती पुढे ढकलतेच. ढकलते. वस्तू-सेवा कराचा भरपाई उपकर पाच वर्षांपुरता होता. करोनाकाळात राज्यांसाठी काढलेली कर्जे फेडायची म्हणून तो मार्च २०२६पर्यंत लांबवला. पण लांबवताना कारण उघड सांगावे लागले, कर्ज किती आणि फिटले किती याची चर्चा झाली, आणि बहुतेक वस्तूंवरून तो सप्टेंबर २०२५मध्ये मुदतीच्या आधीच उतरला. तारीख कराला मारत नाही, पण वर्षानुवर्षे मुक्याने बसू देत नाही. दुष्काळी अधिभाराला अशी तारीख असती तर २०१६च्या पावसानंतर कुणाला तरी सभागृहात उभे राहून सांगावे लागले असते की दुष्काळ संपला, पण आम्हाला पैसे हवेत, आणि ते अमक्यासाठी. कदाचित लोकांनी दिलेही असते.

कर चुकवून काही साधत नाही. महसुलात पडलेला खड्डा पेट्रोलच्या पंपावर बुजवला जातो हे आपण पाहिले. हिशेब मागणे त्यापेक्षा स्वस्त पडते. विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन मुंबईत भरते आणि त्यात आमदारांना लेखी प्रश्न विचारता येतात. पुढच्या अधिवेशनाआधी आपल्या आमदाराला एक पोस्टकार्ड टाका: गेल्या वर्षी व्यवसाय कर किती जमला, त्यातला किती रोजगार हमीवर लागला, आणि उरलेला कुठे आहे? कार्ड पन्नास पैशांना मिळते. उत्तर आले तर शेजाऱ्यालाही वाचून दाखवा, कारण दोनशे रुपये त्याचेही कापले गेले आहेत.